प्रोसेसरची पाणीपाळी: कावेरीकाठच्या गावांत संगणकीय खेळ का अडखळतात?

तंजावर जिल्ह्यातील शेतीचे वर्ष जून महिन्याच्या १२ तारखेकडे डोळे लावून असते. मेट्टूर येथील स्टॅन्ले जलाशयातून त्या दिवशी पाणी सोडण्याचा प्रघात आहे. १९३४ साली पूर्ण झालेल्या या धरणात पुरेसा साठा असेल तर काही दिवसांत पाणी कल्लणैला पोहोचते. चोळ राजा करिकालाच्या नावाशी जोडलेल्या आणि एकोणिसाव्या शतकात सर आर्थर कॉटन यांनी सुधारणा केलेल्या या प्राचीन बंधाऱ्यापाशी प्रवाहाच्या चार वाटा होतात. कावेरी, वेण्णार, ग्रँड ॲनिकट कालवा आणि पुराचे जादा पाणी वाहून नेणारी कोळ्ळिडम. प्रत्येक वाटेला हवे तितके पाणी हव्या त्या वेळी मिळत नाही. साठा अपुरा असला की कालव्यांना पाळीपाळीने पाणी द्यावे लागते. धुळे आणि नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवर चालत आलेली फड पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही व्यवस्था नवखी वाटणार नाही.

याच गावांतील घरांमध्ये आज आणखी एक वाटणी अहोरात्र चालू असते, परंतु ती डोळ्यांना दिसत नाही. लॅपटॉपच्या आत असलेल्या प्रोसेसरच्या कोणत्या कोअरला किती वीज द्यावी, कोणाला किती वेगाने चालवावे आणि कोणाला काही काळ झोपवावे, हे सेकंदात अनेक वेळा ठरत असते. साधे लेखनकाम, परीक्षेचे अर्ज किंवा चित्रपट पाहताना या वाटणीची जाणीव होत नाही. खेळ सुरू केला की ती लगेच होते. पडद्यावरील चित्र सुरळीत धावत असता मध्येच क्षणभर थबकते, पुन्हा धावते, पुन्हा थबकते. यंत्र जुने झाले, आता नवे घ्यावे लागणार, असा निष्कर्ष तेथेच काढला जातो. तो प्रत्येक वेळी खरा नसतो.

तामिळनाडू शासनाने २०११ साली शासकीय आणि अनुदानित शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांना विनामूल्य लॅपटॉप देण्याची योजना सुरू केली. पुढील काही वर्षांत लाखो लॅपटॉप वाटले गेले. त्रिभुज प्रदेशातील अनेक शेतकरी कुटुंबांत संगणक म्हणून प्रथम आला तो हाच. अभ्यासासाठी आलेल्या यंत्रावर खेळही आले, यात नवल नाही. मात्र ज्या घरात एकच लॅपटॉप आहे आणि त्यावरच अभ्यास, शिष्यवृत्तीचे अर्ज व जमिनीच्या कागदपत्रांची कामे होतात, तेथे खेळाचा वेग वाढविण्याच्या प्रयत्नात यंत्र बिघडविणे परवडत नाही. ‘एका क्लिकमध्ये वेग दुप्पट’ अशी आश्वासने देणाऱ्या मोफत प्रणाली उतरवून घेण्याआधी आत काय चालते हे समजून घेणे म्हणूनच गरजेचे आहे.

विजेची काटकसर कशासाठी?

प्रोसेसर काम करताना खर्च करतो ती वीज प्रामुख्याने दोन गोष्टींवर अवलंबून असते. तो किती वेगाने चालतो, म्हणजे त्याची वारंवारता किती, आणि त्याला किती व्होल्टेज दिले जाते. यांतील वारंवारतेचा परिणाम सरळ प्रमाणात होतो, तर व्होल्टेजचा परिणाम वर्गाच्या प्रमाणात. एक उदाहरण घेता येईल. समजा प्रोसेसरचा वेग ३.७ गिगाहर्ट्झवरून ३ गिगाहर्ट्झवर आणला आणि त्याबरोबर व्होल्टेज दहा टक्क्यांनी कमी करता आले. वेग सुमारे एकोणीस टक्क्यांनी घटला, परंतु विजेचा हा खर्च जवळजवळ एक तृतीयांशाने खाली येतो. थोडा वेग सोडून बरीच वीज वाचविणे शक्य असल्यामुळेच उत्पादक या मार्गाकडे वळले.

इंटेलने जानेवारी २००० मध्ये लॅपटॉपसाठीच्या पेंटियम ३ प्रोसेसरसोबत ‘स्पीडस्टेप’ तंत्र आणले. त्याच वर्षी एएमडीने ‘पॉवरनाऊ’ आणले आणि २००३ साली ॲथलॉन ६४ सोबत मेजावरील संगणकांसाठी ‘कूल अँड क्वाएट’ दिले. त्याआधी, १९९६ साली इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून एसीपीआय हे मानक प्रसिद्ध केले होते. संगणकाच्या वीजव्यवस्थेचा कारभार मुख्यतः कार्यप्रणालीकडे, म्हणजे विंडोज किंवा लिनक्सकडे, सोपविण्याची चौकट त्यामुळे तयार झाली.

या चौकटीत दोन प्रकारच्या अवस्था मानल्या जातात. पहिला प्रकार काम करतानाच्या वेगाचा. त्यांना पी-अवस्था म्हणतात. पी-शून्य ही सर्वांत वेगवान, पुढचे आकडे क्रमाने संथ. दुसरा प्रकार विश्रांतीचा. त्या सी-अवस्था. सी-शून्य म्हणजे कोअर जागा आहे आणि काम करीत आहे. सी-१ म्हणजे डुलकी. सी-६ मध्ये तर त्या कोअरचा वीजपुरवठाच जवळपास तोडला जातो. झोप जितकी गाढ, तितकी वीज अधिक वाचते, परंतु जागे होण्यास वेळही तितका अधिक लागतो. हा वेळ सेकंदाच्या अत्यल्प भागात मोजण्याइतका असतो. माणसाला तो एरवी जाणवणे शक्य नाही.

खेळाच्या बाबतीत हिशेब वेगळा होतो. पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर प्रत्येक चित्र तयार करण्यास १६.७ मिलिसेकंद मिळतात. एवढ्या अवधीत प्रोसेसरला खेळाडूने दाबलेली कळ वाचायची असते, शत्रूची हालचाल ठरवायची असते, गोळी कोठे लागली ते मोजायचे असते आणि हे सर्व चित्र रेखाटणाऱ्या ग्राफिक्स भागाकडे सोपवायचे असते. एखादे चित्र १६ ऐवजी ४० मिलिसेकंदांत तयार झाले तर सरासरी आकड्यात फरक दिसत नाही, डोळ्यांना मात्र झटका बसतो. खेळाची कामगिरी पाहताना केवळ सरासरी न पाहता सर्वांत संथ एक टक्का चित्रांचा वेग पाहण्याची पद्धत पडली ती यामुळेच. विजेच्या वाटणीतील दोष बहुधा या एक टक्क्यात लपलेला असतो.

कोअर उभा करून ठेवणे

विंडोज ७ ही प्रणाली ऑक्टोबर २००९ मध्ये बाजारात आली. तिच्यासोबत ‘कोअर पार्किंग’ हा शब्द प्रचारात आला. प्रोसेसरमध्ये चार कोअर असून काम दोघांपुरतेच असेल तर उरलेल्या दोघांकडे काम पाठवायचेच नाही, म्हणजे ते गाढ झोपेत राहू शकतील, अशी ही कल्पना आहे. शेतमजुरीच्या भाषेत सांगायचे तर चार जणांना अर्धे-अर्धे काम देण्यापेक्षा दोघांना पूर्ण काम देऊन दोघांना घरी ठेवणे. काम वाढले की विंडोज उभ्या केलेल्या कोअरना पुन्हा हाक मारते.

अडचण या हाक मारण्यात आहे. किती कोअर जागे हवेत याचा फेरविचार प्रणाली ठरावीक अंतराने करते आणि हे अंतर एका चित्राच्या अवधीपेक्षा सहज लांब असू शकते. खेळातील काम तर सरकारी कार्यालयासारखे संथ लयीत येत नाही. नदी पार करून गाव दिसू लागले, समोरून दहा सैनिक आले, स्फोट झाला, की काम एकदम उसळते. तोवर कोअर झोपलेलेच असतात. आधीच्या दोघांवर भार पडतो आणि दोन-चार चित्रे उशिरा येतात. विंडोज ७ च्या काळात खेळाडूंनी कोअर पार्किंग बंद करण्याचे उपाय शोधले, ते एकमेकांना सांगितले आणि त्यासाठी छोट्या प्रणालीही तयार झाल्या.

हा केवळ खेळाडूंचा समज होता असे म्हणता येत नाही. एएमडीने २०११ साली आणलेल्या ‘बुलडोझर’ प्रोसेसरमध्ये दोन-दोन कोअर एका मॉड्यूलमध्ये बसविलेले होते आणि ते काही भाग सामाईक वापरीत. विंडोज ७ ला या रचनेची नीट ओळख नव्हती. अखेर जानेवारी २०१२ मध्ये मायक्रोसॉफ्टने दोन सुधारणा प्रसिद्ध केल्या. एक कामाच्या वाटपासाठी आणि दुसरी या प्रोसेसरवर कोअर पार्किंग निवडकपणे बंद करण्यासाठी. दोष विजेच्या मांडणीतही असू शकतो, हे त्यामुळे निर्मात्यांच्याच पातळीवर मान्य झाले. फायदा मात्र मर्यादित होता. मुळात संथ असलेला प्रोसेसर मांडणी बदलून वेगवान होत नाही, हेही त्याच वेळी दिसून आले.

पाच वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला. मार्च २०१७ मध्ये रायझन प्रोसेसर आले तेव्हा खेळांसाठी विंडोजची ‘हाय परफॉर्मन्स’ मांडणी निवडावी असे एएमडीने सुचविले, कारण ‘बॅलन्स्ड’ मांडणीत कोअर उभे केले जात होते आणि वेगबदलास विलंब होत होता. एप्रिलमध्ये कंपनीने स्वतःची वेगळी ‘रायझन बॅलन्स्ड’ मांडणी उपलब्ध करून दिली.

येथपर्यंतची कथा वाचून कोअर पार्किंग हा खेळांचा शत्रूच आहे, असे वाटणे साहजिक आहे. तसे नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये एएमडीने ‘रायझन ९ ७९५०एक्स३डी’ हा १६ कोअरचा प्रोसेसर आणला. त्यात आठ-आठ कोअरचे दोन तुकडे असून एकाच तुकड्यावर जादा कॅश स्मृती रचलेली आहे. खेळांना या स्मृतीचा मोठा लाभ होतो. म्हणून खेळ सुरू झाल्याचे ओळखताच विंडोज दुसऱ्या तुकड्यातील कोअर मुद्दाम उभे करून ठेवते, जेणेकरून खेळाचे काम योग्य तुकड्यावरच राहावे. येथे ‘हाय परफॉर्मन्स’ मांडणी निवडली तर ही व्यवस्था मोडते आणि खेळ संथ होण्याची शक्यता निर्माण होते. दशकापूर्वी ज्या उपायाने खेळ सुधारत असे, तोच उपाय आज काही यंत्रांवर अपाय ठरतो. जुन्या चर्चांमधून उचललेला सल्ला डोळे मिटून वापरू नये, तो याकरिता.

इंटेलच्या बाराव्या पिढीत, नोव्हेंबर २०२१ पासून, मोठे वेगवान कोअर आणि लहान काटकसरी कोअर एकाच प्रोसेसरमध्ये आले. काही जुन्या खेळांची चौर्यविरोधी सुरक्षा या दोन जातींच्या कोअरना दोन वेगळे संगणक समजली आणि खेळ सुरू होईनात. त्यावर उपाय म्हणून अनेक मदरबोर्डांच्या बायोसमध्ये एक सोय देण्यात आली. ती चालू केल्यावर कळफलकावरील स्क्रोल लॉक ही कळ दाबली की लहान कोअर उभे केले जातात. वर्षानुवर्षे कोणाच्याही उपयोगी न पडलेल्या त्या कळीला असे काम मिळाले.

‘कावेरी’ नावाचा प्रोसेसर

विजेच्या वाटणीचे सर्वांत बोलके उदाहरण ज्या प्रोसेसरमध्ये सापडते त्याचे सांकेतिक नाव योगायोगाने ‘कावेरी’ असेच आहे. एएमडीने त्या काळात आपल्या प्रोसेसरना नद्यांची नावे देण्याचा परिपाठ ठेवला होता. लानो आणि ट्रिनिटी या टेक्सासमधील नद्या झाल्यावर २०१३ साली ‘कबिनी’ आला. कबिनी ही कावेरीचीच उपनदी. त्यानंतर १४ जानेवारी २०१४ रोजी, नेमक्या संक्रांतीच्या आणि तामिळनाडूतील पोंगलच्या सुमारास, ‘कावेरी’ बाजारात आला.

या प्रोसेसरमध्ये सुमारे २४१ कोटी ट्रान्झिस्टर होते आणि एकाच चकतीवर दोन निरनिराळे संसार होते. चार कोअरचा सामान्य प्रोसेसर आणि आठ विभागांचा ग्राफिक्स भाग. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड न घेता खेळ खेळता यावेत, हा त्याचा मुख्य हेतू होता. तुटपुंज्या पैशांत खेळाचा संगणक जोडू पाहणाऱ्यांना त्यामुळे तो आकर्षक वाटला. ‘ए१०-७८५०के’ या सर्वांत वरच्या प्रकाराची वीजमर्यादा ९५ वॅट ठेवलेली होती. ‘ए८-७६००’ या प्रकारात ग्राहकाला ६५ किंवा ४५ वॅट अशी मर्यादा स्वतः निवडता येत असे.

आता या ९५ वॅटांची वाटणी कशी होणार? प्रोसेसरचे कोअर आणि ग्राफिक्स एकाच कालव्यावर आहेत. खेळ सुरू झाला की ग्राफिक्सची तहान वाढते. अशा वेळी, ३.७ गिगाहर्ट्झ हा मूळ आणि ४ गिगाहर्ट्झ हा कमाल वेग असलेले कोअर ३ गिगाहर्ट्झपर्यंत खाली उतरतात, असे ‘ए१०-७८५०के’ वापरणाऱ्या अनेकांना आढळले. खोक्यावर छापलेला वेग आणि खेळाच्या वेळी मिळणारा वेग यांत एवढे अंतर पाहून पुष्कळांचा रोष झाला. काहींनी बायोसमधील स्वयंचलित वीजनियमन बंद केले, काहींनी पी-अवस्था हाताने बदलणाऱ्या प्रणाली वापरल्या आणि कोअरचा वेग वर धरून ठेवला.

या रोषात तथ्य किती, हे तपासण्यासारखे आहे. बहुतेक खेळांत असा संगणक अडतो तो ग्राफिक्सपाशी. तेथे कोअर ३ गिगाहर्ट्झवर आले तरी चित्रांच्या संख्येवर फारसा परिणाम होत नाही, उलट वाचलेली वीज ग्राफिक्सला मिळते. वाटणी योग्यच असते. परंतु ज्या खेळांत शेकडो सैनिकांची किंवा संपूर्ण शहराची गणिते एकाच वेळी करावी लागतात, त्यांत कोअरच अपुरे पडतात आणि हीच वाटणी अन्यायाची ठरते. वरच्या टोकाच्या शेतात पाणी साचून राहावे आणि शेपटाकडच्या शेताला भेगा पडाव्यात, तसा हा प्रकार. नियमन बंद केल्यावर मदरबोर्डवरील वीजपुरवठ्याचा भाग अधिक तापतो, ही किंमतही मोजावी लागते आणि स्वस्त मदरबोर्ड ती दीर्घकाळ सोसू शकेलच असे नाही.

‘कावेरी’च्या बाबतीत आणखी एक बाब या सर्वांहून मोठी होती, तिची चर्चा मात्र कमी झाली. त्याच्या ग्राफिक्स भागाला स्वतःची स्मृती नव्हती. तो संगणकाच्या साध्या रॅमवरच काम करीत असे. रॅमची एकच पट्टी बसविली असेल तर माहिती वाहून नेण्याचा रस्ता निम्म्यावर येतो. वीजमांडणीत दिवसभर फेरफार करूनही जे साधत नाही, ते रॅमची एक पट्टी काढून तिच्या जागी दोन सारख्या पट्ट्या बसविल्याने साधत असे. स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आजच्या यंत्रांनाही हे मोठ्या प्रमाणात लागू आहे.

मे २०१५ मध्ये याच प्रोसेसरची सुधारित आवृत्ती आली. तिचे सांकेतिक नाव होते ‘गोदावरी’. त्र्यंबकेश्वरी उगम पावणाऱ्या गोदावरीचे पाणी कावेरीपर्यंत नेण्याच्या नदीजोड योजनेची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. चिपच्या दुनियेत मात्र कावेरीमागून गोदावरी दीड वर्षाच्या आत आली.

उष्मा, धूळ आणि चार्जर

वीजमांडणीविषयीचे बहुतेक लेखन वातानुकूलित खोलीत बसलेल्या खेळाडूसाठी असते. त्रिभुज प्रदेशातील परिस्थिती निराळी आहे. सोळाव्या शतकापासून नायकांची आणि पुढे १६७६ ते १८५५ या काळात भोसल्यांची राजधानी असलेल्या तंजावर शहरातही एप्रिल-मे महिन्यांत पारा ३७-३८ अंशांच्या आसपास असतो. आसपासच्या गावांत पत्र्याच्या किंवा काँक्रीटच्या छताखाली खोलीत उकाडा आणखी जाणवतो. भाताच्या मळणीच्या दिवसांत हवेत बारीक कोंडा उडतो. लॅपटॉपचा पंखा तोच कोंडा आत ओढतो आणि उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीवर त्याचा थर बसतो.

लॅपटॉपमधील अनेक प्रोसेसर ९५ ते १०० अंश तापमानाला पोहोचले की स्वतःहून वेग कमी करतात. हा त्यांचा जीव वाचविण्याचा उपाय आहे, आणि विंडोजमधील कोणतीही मांडणी तो ओलांडू शकत नाही. अशा यंत्रावर ‘हाय परफॉर्मन्स’ निवडल्यास पहिली पाच मिनिटे खेळ वेगाने धावतो, मग प्रोसेसर तापतो, वेग कोसळतो, थोडा निवल्यावर पुन्हा चढतो आणि पुन्हा कोसळतो. खेळाडूला वाटते की मांडणी पुरेशी कडक नाही. वास्तविक ती गरजेपेक्षा कडक झालेली असते.

येथे उलट्या दिशेचा एक उपाय उपयोगी पडतो. विंडोजच्या कंट्रोल पॅनलमध्ये पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत मांडणीत ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’ हा विभाग असतो. त्यातील ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ हा आकडा १०० वरून ९९ केला की अनेक इंटेल लॅपटॉपवर टर्बो बूस्ट, म्हणजे मूळ वेगाच्या वर घेतली जाणारी तात्पुरती झेप, थांबते. कमाल वेग घटतो, परंतु तापमान लक्षणीय उतरते आणि मिळणारा वेग स्थिर राहतो. उन्हाळ्यात, जुन्या यंत्रावर, ४५ आणि २० यांच्यात हेलकावे खाणाऱ्या चित्रांपेक्षा ३५ वर स्थिर राहणारी चित्रे खेळण्यास कितीतरी बरी. काही नव्या लॅपटॉपमध्ये हा विभाग दडविलेला असतो. तेथे सेटिंग्जमधील ‘पॉवर मोड’ बदलून पाहावा लागतो.

चार्जरचा प्रश्न याहून फसवा आहे. मूळ चार्जर बिघडल्यावर बाजारातून मिळेल तो स्वस्त चार्जर आणला जातो. काही लॅपटॉप जोडलेला चार्जर आपला आहे का आणि पुरेशा वॅटचा आहे का हे तपासतात. ओळख पटली नाही तर बॅटरी भारित होणे थांबते आणि प्रोसेसर अत्यंत संथ वेगावर बांधून ठेवला जातो. खेळच काय, साधे पान उघडण्यासही मग वेळ लागतो. असा लॅपटॉप विषाणू लागला म्हणून दुरुस्तीला नेला जातो, विंडोज नव्याने टाकले जाते, दोष तसाच राहतो. चार्जर बदलताच तो नाहीसा होतो.

वीज खंडित होण्याचा अनुभव या भागाला नवा नाही. २०१२ साली तामिळनाडूच्या ग्रामीण भागात दिवसाचे अनेक तास भारनियमन होत असे. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी ‘गज’ चक्रीवादळाने नागपट्टिनम, तिरुवारूर आणि तंजावर जिल्ह्यांत हजारो विजेचे खांब पाडले आणि कित्येक गावांत वीज परत येण्यास अनेक दिवस लागले. बॅटरीवर चालताना विंडोज आपोआप अधिक काटकसरीची मांडणी वापरते, हे अशा वेळी लक्षात घ्यावे लागते. बॅटरी एका मर्यादेपलीकडे वीज देऊच शकत नसल्यामुळे स्वतंत्र ग्राफिक्स असलेले लॅपटॉपही बॅटरीवर पूर्ण वेग देत नाहीत. तेथे मांडणीशी झटापट करण्यात अर्थ नसतो. बॅटरी तेवढी लवकर संपते.

बिलाचा हिशेबही करून पाहण्याजोगा आहे. मेजावरील एखादा संगणक ‘हाय परफॉर्मन्स’ मांडणीत रिकामा असताना १५ वॅट जादा खात असेल आणि दिवसाला सहा तास चालू राहत असेल, तर दोन महिन्यांत सुमारे साडेपाच युनिट जादा जळतात. तामिळनाडूत घरगुती ग्राहकांना दोन महिन्यांच्या बिलात पहिले १०० युनिट विनामूल्य देण्याचा निर्णय २०१६ साली झाला. त्या तुलनेत साडेपाच युनिट थोडेच आहेत. खोलीत सोडली जाणारी उष्णता मात्र फुकट जात नाही, ती पुन्हा प्रोसेसरच्याच वाट्याला येते.

प्रत्यक्षात काय करावे?

प्रथम दोष खरोखर विजेच्या वाटणीत आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. विंडोजमधील ‘टास्क मॅनेजर’ उघडून खेळ चालू असताना प्रोसेसरचा वेग किती दिसतो ते पाहावे. खेळ अडखळतो त्याच क्षणी वेग खाली येत असेल तर कारण उष्णता, चार्जर किंवा मांडणी यांपैकी एक आहे. वेग स्थिर असूनही खेळ अडखळत असेल तर कारण बहुधा अन्यत्र आहे: रॅम कमी पडते, हार्ड डिस्क संथ आहे किंवा ग्राफिक्स दुबळे आहे. ‘रिसोर्स मॉनिटर’मध्ये प्रत्येक कोअरचा वेगळा आलेख दिसतो आणि उभा केलेला कोअर असल्यास त्यावर ‘पार्क्ड’ असे लिहिलेले असते.

लॅपटॉप तापत असेल तर मांडणीला हात लावण्याआधी जाळी साफ करून घ्यावी आणि यंत्र गादीवर न ठेवता लाकडी फळीवर ठेवावे. हे फार साधे वाटते, परंतु बहुतांश जुन्या लॅपटॉपवर सर्वाधिक फरक यानेच पडतो. तापमान आटोक्यात असेल आणि विंडोज ७, ८ किंवा १० वर चालणारे २०१० नंतरच्या दशकातील यंत्र असेल, तर खेळापुरती ‘हाय परफॉर्मन्स’ मांडणी निवडून पाहावी. तिच्यात किमान वेगाचा आकडा १०० टक्के असतो आणि कोअर सहसा उभे केले जात नाहीत. खेळ संपल्यावर पुन्हा ‘बॅलन्स्ड’वर यावे.

कोअर पार्किंगचा स्वतंत्र आकडा विंडोज सहसा दाखवीत नाही. तो ‘पॉवरसीएफजी’ या आज्ञेने उघड करता येतो किंवा ‘पार्ककंट्रोल’सारख्या प्रणालीतून बदलता येतो. त्यासाठी रजिस्ट्रीत हाताने फेरफार करणे टाळावे. प्रत्येक वेळी एकच बदल करावा, खेळातील त्याच ठिकाणी दहा मिनिटे खेळून पाहावे आणि मूळ आकडा वहीत लिहून ठेवावा. घोटाळा झालाच तर त्याच खिडकीतील ‘रिस्टोअर प्लॅन डिफॉल्ट्स’ हे बटण सर्व काही पूर्ववत करते. बायोसमधील सी-अवस्था बंद करण्याचा सल्लाही अनेकदा दिला जातो. आधुनिक प्रोसेसरवर तो बहुधा उलटतो, कारण काही कोअर गाढ झोपले तरच उरलेल्यांना टर्बोची पूर्ण झेप घेता येते. सर्वांनाच जागे ठेवले तर कोणालाच ती मिळत नाही.

लिनक्स वापरणाऱ्यांसाठी हा कारभार ‘गव्हर्नर’ या नावाने चालतो. ‘परफॉर्मन्स’, ‘पॉवरसेव्ह’ आणि ‘शेडयुटिल’ असे त्याचे प्रकार आहेत. २०१८ साली फेरल इंटरॲक्टिव्ह या कंपनीने ‘गेममोड’ नावाची मोफत प्रणाली दिली. ती खेळ सुरू होताच गव्हर्नर बदलते आणि खेळ बंद होताच पूर्वस्थितीत आणते. विंडोज १० चे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले असल्यामुळे विंडोज ११ न चालणाऱ्या जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स हा पर्याय अधिक विचारात घेतला जाऊ लागला आहे.

नव्या यंत्रांत वापरकर्त्याला करण्यासारखे कमी उरले आहे. २०१५ सालच्या इंटेल प्रोसेसरपासून वेग ठरविण्याचा मोठा भाग विंडोजकडून प्रोसेसरकडेच गेला. तेव्हापासून वेगबदल इतका जलद होतो की ‘बॅलन्स्ड’ आणि ‘हाय परफॉर्मन्स’ यांतील फरक अनेक खेळांत मोजूनही सापडत नाही. तामिळनाडू शासनाने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दोन वर्षांत २० लाख लॅपटॉप किंवा टॅब्लेट देण्याची घोषणा केली. त्या पिढीच्या यंत्रांवर विंडोज ७ च्या काळातील युक्त्या वापरण्याचे कारण उरत नाही. २०११ नंतर वाटले गेलेले जे जुने लॅपटॉप अद्याप चालू आहेत, त्यांना मात्र अजूनही या युक्त्या लागू पडतात, आणि त्यांच्या बाबतीत सुरुवात चार्जरवरील वॅटचा आकडा वाचण्यापासून करावी लागते.